पाटी लपवणाऱ्या महाशयांस

महाशय,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुम्ही एकटे आहात की चाळीस जणांचा चमू, जवळ कुठे बसता की सातासमुद्रापलीकडे, हेही ठाऊक नाही. पण तुमचं काम मी गेली चार वर्षं दर शनिवारी पाहते आहे. नवा संगणक घरी आला, चालू केला, त्याच्यासोबत आलेला ब्राउझर पहिल्यांदा उघडला, की समोर काय यावं हे तुम्ही ठरवता. कुठलं बटण मोठं आणि निळं, कुठलं बारीक आणि राखाडी, कुठल्या चौकटीत आधीच बरोबरची खूण, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याने किती हुडकत फिरायचं, हे सगळं तुमच्या हातचं. तुम्ही हुशार आहात. यातलं काहीही तुमच्याकडून चुकून झालेलं नाही, म्हणून तर हे पत्र लिहायला बसले. चूक असती तर मी गुपचूप दुरुस्त करून पुढे गेले असते.

तुमच्या कंपनीचं नाव मी घेत नाही. वर्गातली यंत्रं निरनिराळी आहेत, आणि तुमची भावंडं बहुतेक सगळ्या कंपन्यांत बसलेली आहेत.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅशच्या खिडकीमागे. निवृत्त झाल्यावर सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात साठीपुढच्या मंडळींना संगणक शिकवते. सात यंत्रं आहेत. एक वाचनालयाने घेतलेलं, बाकीची कुणाच्या मुलाने, कुणाच्या जावयाने नवं घेतल्यावर दिलेली. येणारे लोक इंटरनेटवर भटकायला येत नाहीत. प्रत्येकाच्या मनात एक ठरलेलं काम असतं: लाइटबिल भरायचं, सातबारा बघायचा, पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याची चौकशी करायची, पुण्याचं रेल्वेचं तिकीट काढायचं. असं नेमकं काम घेऊन आलेल्या माणसाचं तुमच्या पहिल्या पडद्यावर काय होतं, ते तुम्ही बघितलेलं नाही. किती जणांनी कुठलं बटण किती सेकंदांत दाबलं याचे आकडे तुमच्याकडे असतील. दाबताना चेहरा कसा होता, ते मी सांगते.

मागच्या जूनमध्ये एक काकू वर्गात आल्या. उभा जन्म शिवणक्लास चालवला, हजारभर मुलींना ब्लाउजची कटोरी बेतायला शिकवली. त्यांच्यासमोर जावयाकडून आलेला लॅपटॉप ठेवला. त्यांनी खालच्या पट्टीवरच्या चिन्हावर टिचकी मारली आणि तुमचं स्वागत सुरू झालं. पहिला पडदा: दुसऱ्या ब्राउझरमधली माहिती इकडे आणायची का? खूण आधीच केलेली. कुणाची माहिती? लॅपटॉप ज्याचा होता त्याची: त्याचे पासवर्ड, त्याने पाहिलेली पानं. दुसरा पडदा: ईमेल देऊन खातं जोडा. तिसरा: तुमच्या वावरावरून जाहिराती आणि बातम्या निवडू द्या. प्रत्येक पडद्यावर भलंमोठं निळं बटण, आणि त्याच्याखाली चष्म्याशिवाय न दिसणारी एक ओळ. सगळं इंग्रजीत. काकूंनी माउसवरचा हात काढून मांडीवर घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, मी कशावर सही करतेय?”

महाशय, हा प्रश्न विचारणारी बाई अडाणी नाही. तुमच्या पडद्यावर नेमकं काय चाललंय ते तिला पहिल्या मिनिटात कळलं होतं.

बँकेत आम्ही एक गोष्ट करायचो. ज्यांना लिहिण्याची सवय नाही अशा माणसांच्या फॉर्मवर, जिथे सही हवी तिथे शिसपेन्सिलीने बारीकशी फुली मारून द्यायचो. म्हातारी माणसं तेवढी फुली शोधत, तिथे सही करत किंवा अंगठा उठवत आणि कागद परत सरकवत. वरचं काही वाचत नसत. कारण फुली मारणाऱ्याचा हात त्यांच्या ओळखीचा असे. त्या विश्वासाचं ओझं आम्हाला कळत होतं. एकदा आमच्यातल्याच एकाने मुदत ठेवीच्या फॉर्मसोबत विम्याच्या कागदावरही फुली मारून दिली, तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी सगळ्यांदेखत त्याला उभं केलं होतं. तुमचं निळं बटण ही तीच फुली आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला ती सांगते, इथे दाब, म्हणजे पुढे जाशील. आणि तुम्ही प्रत्येक फुली विम्याच्या कागदावर मारून ठेवली आहे.

मी त्या दिवशी घड्याळ लावलं. पहिल्या टिचकीपासून पान दिसेपर्यंत नऊ मिनिटं गेली. आणि पान दिसलं तेही काकूंसाठी नव्हतंच. एका नटीच्या लग्नाचे फोटो, साखर उतरवणारं फळ, शेअर बाजारात काय घ्यावं, मुंबईचं हवामान, आणि या सगळ्यांत त्याच आकाराच्या, त्याच घडणीच्या जाहिराती. ‘जाहिरात’ हा शब्द मुंगीएवढा. काकूंना मुलीने पाठवलेली ईमेल वाचायची होती. त्या पानावर तिचा रस्ता कुठेही लिहिलेला नव्हता.

आता अण्णांकडे येते, कारण या पत्राचं मूळ तेच आहेत.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. जत, कवठेमहांकाळ, मिरज या भागात त्यांनी आयुष्य काढलं. एकाहत्तरीचे आहेत, आवाज अजून गाडीच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. त्यांना सातबारा बघायचा होता. भावाबहिणींत वाटणी झालीय, फेरफाराची नोंद लागली की नाही, एवढंच बघायचं होतं. दोन शनिवार ते नुसतं निरखत बसले. तिसऱ्या शनिवारी म्हणाले, “ताई, गाडीत पाय टाकायच्या आधी माणूस पाटी बघतो. मिरज लिहिलंय की जत लिहिलंय. इथं पाटी कुठाय?”

चार वर्षांत मला कुणी याहून नेमका प्रश्न विचारलेला नाही. पाटी वर असते, महाशय. पडद्याच्या माथ्यावर जी अरुंद पट्टी असते, जिथे पत्ता लिहितात आणि आपण या क्षणी कुठे आहोत ते दिसतं, ती पाटी. ब्राउझर शिकायचा म्हणजे आधी ही पट्टी शिकायची. बाकीचं नंतर आलं तरी चालतं. आणि तुमच्या पहिल्या पानावर मधोमध, परातीएवढी, काय असते? शोधायची पेटी. नवा माणूस तिलाच पाटी समजतो. त्याला वाटतं, मी इथे गावाचं नाव लिहिलं की गाडी गावाला जाते. प्रत्यक्षात गाडी आधी दलालाच्या पेढीवर थांबते, दलाल दहा गावं दाखवतो, आणि वरची दोन-तीन गावं पैसे भरून वर आलेली असतात.

पत्ता आणि शोध ही दोन वेगळी कामं आहेत, हे सांगणारी सोय एके काळी पडद्यावरच होती. पत्त्याची पट्टी निराळी, शोधाची पेटी तिच्या शेजारी. २००८ साली गुगलचा क्रोम आला तो दोन्ही एकाच पट्टीत घेऊन. मग हीच रीत पडली. फायरफॉक्सनेही २०१७ मध्ये नव्या बसवणीत दुसरी पेटी काढून टाकली. जाणत्या माणसाचे चार ठोके वाचतात, हे मी मान्य करते, मलाही ते सोयीचं पडतं. पुढे २०१९ मध्ये क्रोमने पत्त्याच्या सुरुवातीचा एचटीटीपीएस आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू दाखवणं बंद केलं. २०२० मध्ये पत्त्यातलं संस्थळाचं नाव तेवढं ठेवून बाकी सगळं झाकून बघण्याचा प्रयोग केला आणि वर्षभरात गुंडाळला. ॲपलची सफारी तर सेटिंग न बदलता फक्त नावच दाखवते. यामागचा तुमचा युक्तिवाद मी वाचला आहे: लांबलचक पत्त्यात लबाड नाव दडतं, आखूड पत्त्यात ते उघडं पडतं. त्यात तथ्य आहे. पण हे नाव कुठे लिहिलेलं असतं, ते कसं वाचायचं आणि का वाचायचं, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी कोण सांगणार? नऊ मिनिटं तुमच्या हातात होती. त्यातलं अर्धं मिनिट तुम्ही पाटीसाठी दिलं नाहीत.

अण्णांना मी पाटी कशी शिकवली, ते सांगते. तुम्हाला उचलायचं तर उचला, माझी काही हरकत नाही.

सरकारी सातबाऱ्याचा पत्ता आहे भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन. फळ्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिला आणि शेजारी पोस्टाचं पाकीट काढलं. पाकिटावर आपण आधी माणसाचं नाव लिहितो, मग गल्ली, मग गाव, तालुका, जिल्हा, शेवटी राज्य. पण टपाल छाटणारा माणूस खालून वाचतो. आधी राज्य बघतो, मग जिल्हा. संस्थळाचा पत्ता तसाच, फक्त आडवा. डावीकडे नाव, उजवीकडे राज्य. म्हणून उजवीकडून वाचायचं. ‘इन’ म्हणजे भारत. ‘गव्ह डॉट इन’ म्हणजे सरकार. ही जागा खाजगी माणसाला मिळत नाही. त्याच्या डावीकडे महाभूमी, आणि त्याच्याही डावीकडे भूलेख. कुणी लबाड माणूस महाभूमी हा शब्द स्वतःच्या पत्त्यात डाव्या बाजूला घालू शकतो, त्याला कुणी अडवत नाही, पण उजवीकडचं राज्य त्याला बदलता येत नाही. आणि तिरकी रेघ आली की पाटी संपली. रेघेपुढचं काहीही असो, ते गाडीच्या आतलं.

अण्णांनी हे वहीत उतरवून घेतलं. टिंबं ठळक काढली. मग मान हलवून म्हणाले, “म्हणजे मागची पाटी वाचायची. गाडी सुटल्यावर पळत येणारा पॅसेंजर तीच वाचतो.”

हे सगळं शिकवायच्या आधीच्या आठवड्यात मात्र तुम्ही त्यांना गाठलं होतं.

घरी सुनेचा लॅपटॉप होता. अण्णांनी मधल्या पेटीत मराठीत ‘सातबारा उतारा’ लिहिलं आणि वरच्या पहिल्याच उत्तरावर टिचकी मारली. ते कुठल्याशा खाजगी दुकानाचं पान होतं. पान उघडताच डाव्या कोपऱ्यात एक चौकोन आला: हे संस्थळ तुम्हाला सूचना पाठवू इच्छितं, ‘अलाऊ’ की ‘ब्लॉक’? आणि पानावर बाण काढून लिहिलेलं, पुढे जायला अलाऊ दाबा. अण्णांनी दाबलं. पुढे जायचं होतं, आणि तुमच्या पहिल्या पडद्यांनी त्यांना तेच तर शिकवलं होतं: समोर आलेलं बटण दाबलं की पुढे जाता येतं.

संध्याकाळपासून पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून पट्ट्या येऊ लागल्या. लाल खूण, ‘संगणकात पाच व्हायरस’, ‘बँक खातं धोक्यात’, खाली फोन नंबर. त्या पट्ट्या खुद्द संगणकाच्याच वाटत, कारण संगणकाच्या खऱ्या सूचनाही त्याच कोपऱ्यातून, त्याच चौकटीत येतात. अण्णांनी फोन केला नाही, हे आमचं नशीब. त्या नंबरांवर बोलणारे पुढे काय करतात ते ठाऊक आहे. यंत्राचा ताबा मागतात, मग खात्याचा. तशी वेळ आलीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करायचा, हे मी आता पहिल्याच तासाला सांगते. अण्णांनी दुसरंच केलं. लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. सुनेचं यंत्र आपण बिघडवलं, ती तोंडावर बोलणार नाही पण तिला वाईट वाटेल, हे त्यांच्या मनाने घेतलं. तिसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून वाचनालयात माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “किती खर्च येईल तेवढा सांगा. पेन्शन झाली की देतो.”

बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या पैशाचा पै न पै हिशेब दिलेला माणूस माझ्यापुढे मान खाली घालून उभा होता, महाशय. खर्च शून्य होता. सेटिंग्ज, संस्थळांच्या परवानग्या, सूचना, त्या दुकानाचं नाव काढून टाका. चार टिचक्या. पण त्या चार टिचक्या तुम्ही चार दारांमागे ठेवल्यात, आणि परवानगी देणारी एक टिचकी थेट उंबऱ्यावर.

हे असंच असावं लागतं, दुसरा उपाय नव्हता, असं मला सांगू नका. फायरफॉक्सने जानेवारी २०२० पासून असे चौकोन आपोआप उसळणं बंद केलं. पट्टीत एक बारीक चिन्ह येतं, हवं त्याने त्यावर टिचकी मारावी. पुढच्याच महिन्यात क्रोमनेही आवाज खाली आणण्याची एक सोय दिली. म्हणजे अडचण कळली होती, आणि तिच्यावरचा उपायही कळला होता. ज्याला कळूनही तो पुरता उपाय सगळ्यांच्या यंत्रात पहिल्या दिवसापासून बसवला नाही, त्या माणसाला हे पत्र आहे.

कॅशच्या खिडकीमागे बसलेल्या बाईला एक खोड लागते, पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मधली पेटी परातीएवढी का, हे मी त्या खोडीने शोधलं. गुगलवर अमेरिकेत चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात बाहेर आलं की सफारीत आपलाच शोध आधीपासून बसवलेला असावा यासाठी गुगलने ॲपलला एकट्या २०२२ साली २० अब्ज डॉलर दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने शोधातली मक्तेदारी बेकायदा राखली, असा निकाल दिला. वीस अब्ज डॉलर! लोक सेटिंग बदलत नाहीत, जे आयतं मिळेल त्यावरच राहतात, या एका गोष्टीची ही किंमत. अण्णांनी सेटिंग बदललं नाही, काकूंनी बदललं नाही, याचे पैसे कुणीतरी कुणाला तरी मोजले आहेत.

आणि ही लढाई आजची नाही. विंडोजसोबत इंटरनेट एक्स्प्लोरर जोडून दिल्याबद्दल अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, तेव्हा आमच्या शाखेत अजून लेजर हाताने लिहीत होतो. युरोपात तर २०१० पासून मायक्रोसॉफ्टला विंडोजमध्ये निवडीचा पडदा दाखवावा लागला: हे ब्राउझर आहेत, तुम्हाला हवा तो घ्या. मे २०११ ते जुलै २०१२ या काळात तो पडदा सुमारे दीड कोटी लोकांना दिसलाच नाही, म्हणून युरोपीय आयोगाने मार्च २०१३ मध्ये कंपनीला ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. कंपनीने त्याला तांत्रिक चूक म्हटलं. एक पडदा न दाखवल्याचा एवढा दंड. पहिला पडदा किती मोलाचा असतो हे तुमच्या धंद्याला तेव्हापासून माहीत आहे, आणि तरी तो पडदा ज्याच्या घरात उघडतो त्याच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

आपल्याकडेही कागद आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि पडद्यावरच्या फसवणुकीचे तेरा प्रकार नावानिशी सांगितले. मी त्यांची छापील प्रत वर्गात ठेवली आहे. एकाच गोष्टीसाठी पुन्हापुन्हा भुणभुण लावणं, बातमीच्या वेषात जाहिरात आणणं, एक बटण उठावदार आणि दुसरं फिकं करून माणसाला वळवणं, नको त्या गोष्टीला होकार दिल्याशिवाय पुढे न सोडणं, नकार देणाऱ्याला ओशाळं वाटेल असे शब्द वापरणं. हे वाचून दाखवलं तेव्हा काकू प्रत्येक ओळीला “हे झालं, हेही झालं” म्हणत होत्या. भारतात वस्तू किंवा सेवा देणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना ही तत्त्वं लागू आहेत. फुकट मिळणाऱ्या ब्राउझरचं पहिलं पान त्यात नेमकं कसं बसतं, यावर वकील वाद घालतील. काकूंना त्यासाठी वकील लागला नाही.

तुम्ही दिलेल्या चांगल्या गोष्टी मी नाकारत नाही, आणि माझा खरा संताप तिथेच आहे. याच ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षर मोठं होतं. एवढी एक गोष्ट दाखवली तेव्हा मोतीबिंदू झालेल्या एका आजोबांनी पाच वर्षांनी पहिल्यांदा अग्रलेख स्वतः वाचला, आणि वाचून झाल्यावर पान परत वर नेऊन पुन्हा वाचला. चुकून बंद केलेलं पान कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबलं की परत येतं. हे कळलं त्या दिवशी वर्गातली निम्मी भीती गेली. कंट्रोल आणि एल दाबलं की माउस न हलवता थेट पाटीवर पोचता येतं, आणि ज्यांचा हात थरथरतो त्यांना याचं मोल विचारा. काही ब्राउझर तर मराठी पान चांगल्या आवाजात वाचून दाखवतात. हे सगळं कुणीतरी जीव लावून बनवलं आहे. ते बनवणारे कदाचित तुमच्याच मजल्यावर बसत असतील. त्यांच्या कामाला तुम्ही पहिल्या पडद्यावर बोटभर जागा दिली नाहीत. आजोबांना अक्षर मोठं करता येतं हे पाच वर्षं कुणी सांगितलं नाही, आणि कुठल्या फळाने साखर उतरते हे रोज सांगितलं.

मला काय हवंय ते सांगते, म्हणजे नुसतीच तक्रार केली असं व्हायला नको. पहिला पडदा उघडला की आधी भाषा विचारा, मराठीत. मग अक्षर किती मोठं हवं ते विचारा. मग वरच्या पट्टीकडे बोट दाखवून सांगा: ही पाटी, तुम्ही कुठे आहात ते इथे वाचा, पत्ता माहीत असेल तर इथे लिहा, नसेल तर खाली शोधा, आणि शोधात वर येणारी काही उत्तरं पैसे देऊन आलेली असतात. बास. कुठल्याही चौकटीत आधी खूण नको. ‘हो’ आणि ‘नको’ एका मापाची, एका रंगाची. खातं जोडायचं, बातम्या बघायच्या, ते माणूस रुळल्यावर महिन्याने विचारा, आणि एकदा नको म्हटल्यावर पुन्हा विचारू नका. हे बांधायला तुम्हाला एक दुपार पुरेल. तुमच्या हुशारीबद्दल मला कधीच शंका नव्हती.

तोवर मी माझं करते. शुक्रवारी संध्याकाळी वाचनालय बंद व्हायच्या आत सातही यंत्रं लावते. एकेकावर तुमचे पडदे मी स्वतः ओलांडते, खुणा काढते, बातम्या बंद करते, सूचना मागायलाच बंदी घालते आणि सुरुवातीला कोरं पान ठेवते. मग प्रत्येक पडद्याच्या चौकटीला, पाटीच्या बरोबर वर, पिवळ्या कागदाचा बाण चिकटवते. त्यावर मराठीत ‘पाटी’ लिहिलेलं असतं. मध्येच एखादं यंत्र स्वतःला नवं करून घेतं आणि तुमचं स्वागत परत हजर होतं. तेव्हा परत सगळं पहिल्यापासून. सातांना दीड तास लागतो.

अण्णांना त्यांचा सातबारा दिसला. विभाग पुणे, जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, मोबाइल नंबर, मग त्या वेड्यावाकड्या अक्षरांची परीक्षा. तीत दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा उतारा उघडला. पानावर लिहिलं होतं की हा फक्त बघण्यासाठी, कामाला वापरायचा तर डिजिटल सहीचा घ्या, पंधरा रुपये. अण्णांनी ते वाचलं, पण त्यांची नजर वर गेली होती. बोट पडद्यावर टेकवून त्यांनी पाटी उजवीकडून वाचली. इन. गव्ह. महाभूमी. भूलेख. मग खाली आले आणि चार भावांच्या नावांखाली बहिणीचं नाव लागलंय का ते शोधू लागले. लागलं होतं.

वर्ग शनिवारी चारला असतो. या. मागच्या रांगेत खिडकीपाशी एक खुर्ची मोकळी असते, तिथे बसा आणि तासभर काही बोलू नका. येत्या शनिवारी नऊ जण नवे आहेत. तुमच्यासाठी सातांपैकी एका यंत्रावर मी तुमचा पडदा तसाच ठेवीन, एकही खूण न काढता. त्यावर दूध डेअरीत आयुष्य गेलेल्या एक मावशी बसणार आहेत. त्यांना मुलाला ईमेल पाठवायची आहे. तो दुबईला असतो.

आपली,
शनिवारच्या वर्गाची बाई